पावाच्या यादीतली एक्केचाळिसावी सही

न्यावा,
सोमवार, ८ जुलै २०१९

प्रिय मजाला ताई,

आभार. पत्राची सुरुवात अशी करायची नसते, आधी घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारायची असते, हे तूच मला शिकवलंस. पण खुशाली विचारत बसलो तर पुढचं धाडस गळून जाईल, म्हणून आधी आभार. फोनवरच सांगितलं असतं, पण तू माझा नंबर बंद करून एकोणीस महिने झाले. मीही तुझा बंद केला होता, चार दिवसांनी मुकाट्याने उघडला. हे तुला माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून सांगतो.

तू खटला जिंकलीस आणि सरकार हरलं. आपल्या टेकडीवर सरकार म्हणजे मीच. नैरोबीहून इथवर येता येता सरकारचा जो काही अंश उरतो, तो चीफची खाकी टोपी घालून माझ्याच अंगणात उभा असतो. म्हणजे हरलो मीच. मग मला इतकं हलकं का वाटतंय, हे मालेंबा परवापासून विचारते आहे. तुझी भावजय कशी आहे तुला ठाऊकच आहे. निकालाची बातमी आली तेव्हा मी चहा पीत होतो. ती म्हणाली, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. तुमच्या सरकारची तर कुंपणापर्यंतही पोचली नाही हो, चीफसाहेब!"

सरकारने टेकडीला घालायला आणलेल्या कुंपणाचे खांब अजून झऱ्यापाशी पडून आहेत. बायकांनी त्यावर धुणं वाळत घातलंय. काल मी पाण्याकडे गेलो तेव्हा त्या गात होत्या, मला पाहून थांबल्या, आणि मग जास्तच मोठ्याने गायला लागल्या. एकीने विचारलं, "चीफ, पाणी प्यायला येऊ का, की आधी सही करावी लागेल?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. ताई, या टेकडीवर माझ्या तोंडावर कोणी हसलं नव्हतं पंचवीस वर्षांत. मागून हसत असतील.

कोर्टात मी शेवटच्या बाकावर होतो, तू पाहिलं नसशील. किंवा पाहिलं असशील आणि पाहिलं नाही असं केलं असशील. सरकारी वकिलाने तो कागदांचा गठ्ठा हवेत नाचवला. "इरिंदी टेकडी घ्यायच्या आधी सरकारने जनतेला विचारलं होतं! बराझा, म्हणजे गावसभा, भरली होती! दोनशे तेरा सह्या आहेत, आणि त्यात खुद्द या अर्जदार बाईंची सही आहे. एक्केचाळीस नंबर. बाई, ही सही तुमची ना?"

तू चष्मा काढलास, पुसलास, पुन्हा लावलास आणि म्हणालीस, "वकीलसाहेब, हे उत्तर आहे म्हणता. मग प्रश्न कुठे आहे? या कागदावर मला काय विचारलंय तेवढं बोट ठेवून दाखवा. मग उत्तर माझं की आणखी कोणाचं, ते बघू."

तो म्हणाला, प्रश्न वरच्या पानावर आहे. तू म्हणालीस, "वरचं पान नंतर टाचलंय. खालच्या पानांना टाचणीची दोन भोकं आहेत, वरच्याला एकच. आमच्याकडे बराझाला गेलं की पाव आणि सोडा मिळतो, आणि पाव घेताना सही करावी लागते. ही पावाची यादी आहे, न्यायमूर्ती. लोकांनी पाव घेतला. टेकडी दिली नाही."

न्यायमूर्तीबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी लिहून घेतलं. आणि तुझ्या सहीचा प्रश्न तिथेच राहिला. निकालात त्यांनी लिहिलंय, हजेरी म्हणजे होकार नव्हे. राष्ट्रीय सरकारला जे अधिकार आहेत ते घटनेने दिलेत म्हणून आहेत. टेकडी त्या गावांची आहे, आणि ती घ्यायची तर आधी गावांना खरोखर विचारावं लागेल आणि त्यांचं उत्तर ऐकावं लागेल. तसं न केल्यामुळे सरकारचा आदेश रद्द. आता टेकडीवर सरकारी कॅम्प नाही, मनोरा नाही, कुंपण नाही. झरा आणि आपली देवराई जिथल्या तिथे.

त्या यादीत काही गडबड झाली असेल तर ती वरच्या ऑफिसात झाली असेल. मी फक्त कागद पुढे पाठवले. तेवढं लक्षात असू दे.

पहिल्या तारखेलाच तू दाव्यातून माझं नाव काढून टाकलंस, त्याचेही आभार मानायचे राहिले होते. मला तेव्हा वाटलं होतं, मला खिजगणतीतही धरलं नाहीस. राग आला होता. असो.

तुझा,
रिघा


न्यावा,
बुधवार, १० जुलै

ताई,

सोमवारचं पाकीट मटाटूच्या ड्रायव्हरकडे दिलं होतं. तो म्हणाला, म्कावासीच्या हातात दिलं. तुझी लेक तुझ्यापेक्षा मऊ आहे, तेव्हा तुझ्यापर्यंत पोचलं असेल असं धरून चालतो.

आज उपआयुक्तसाहेब आले होते. धुकं इतकं होतं की आधी हॉर्न आला, मग गाडी आली, मग साहेब. मालेंबाने जेवायला किमांगा केला होता. साहेबांनी ताट बाजूला सारलं आणि टाइप केलेला कागद पुढे ठेवला.

"चीफ, सही करा. निकालाचा फेरविचार मागतोय. तुमचं नवीन शपथपत्र आहे."

मी वाचलं. लिहिलं होतं की बराझात मी लोकांना सगळी योजना समजावून सांगितली, मजकुराचं पान आधीपासूनच वर होतं, लोकांनी ते वाचलं आणि मग राजीखुशीने सह्या केल्या.

"साहेब, मला तसं करता येत नाही."

"येत नाही म्हणजे? पेन नाही का?"

"पेन आहे. अधिकार नाही. तो तुम्हालाही नाही. निकालाच्या सत्ताविसाव्या पानावर आहे."

"तुम्ही निकाल वाचलात?"

"दोनदा वाचला, साहेब."

साहेब उठले. मग म्हणाले, "पेन्शनला चौदा महिने राहिलेत ना तुमच्या? मंगळवारपर्यंत विचार करा." आणि जाताना दारातून वळून, "बहिणीने शिकवलं वाटतं?"

मी म्हणालो, "वाचायला तिनेच शिकवलं."

ताई, हे तुला फुशारकी म्हणून सांगत नाही. मला यात काय मिळालं ते सांगायचंय. तुला आठवतं, सत्त्याण्णव साली मी बाजारातल्या भाजीवाल्या बायकांची पालं उठवली होती? वरून हुकूम होता. एकीचे केळ्यांचे घड मी स्वतः गटारात पडताना पाहिले. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही, आणि तू माझ्याशी बोलली नाहीस. माझ्या मनात नव्हतं गं ते. पण सरकारी नोकराच्या मनात काय आहे याला कोण विचारतो? "मला नको वाटतं, साहेब" असं म्हणून कोणाची सुटका झालीय? जुन्या काळी चीफला गावात वाटेल ते करता यायचं, आणि म्हणूनच वरचा साहेब चीफकडून वाटेल ते करून घ्यायचा. नाही म्हणायला माझ्याकडे शब्दच नव्हता.

आज होता. "इच्छा नाही" असं नव्हे, "करता येत नाही". पंचवीस वर्षं मी या एका वाक्यासाठी झुरत होतो हे मला आज साहेबांची गाडी धुक्यात गेल्यावर कळलं. तू वर्गात सरकारसाठीच्या ‘सेरिकाली’ या स्वाहिली शब्दाचे दोन तुकडे करून फळ्यावर ‘सिरी काली’ लिहायचीस, सरकार म्हणजे जहाल गुपित, आणि पोरं खिदळायची. मला वाटायचं, ताई माझ्या पोटावर पाय देते आहे. घटनेची ती पुस्तिका तू पिशवीत घेऊन फिरायचीस तेव्हाही मी हसायचो, की म्हातारीला नवं बायबल सापडलं. त्या पुस्तिकेने लोकांना सरकारपासून वाचवलं हे तर सगळेच म्हणतात. मलाही सरकारपासून वाचवलं, हे कोण म्हणणार? मी म्हणतो. उपकार आहेत तुझे.

मंगळवारी काय होईल ते बघू.

रिघा


न्यावा,
शुक्रवार, १२ जुलै

ताई,

सोमवारच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

काल म्कावासीचा फोन आला. म्हणाली, "मामा, आई तुमची पाकिटं उघडत नाही. पण फेकतही नाही. उशाशी ठेवलीत." मी म्हटलं, ठीक आहे. मग ती म्हणाली, "एक सांगू? आईला कळलं तर मला घराबाहेर काढेल." आणि तिने हॉस्पिटलच्या कागदाची गोष्ट सांगितली.

बराझा भरली त्या दिवशी तू व्होईला होतीस. डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्या दिवशी तू कुठे होतीस हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पहाटे मीच तुला मोटरसायकलवर घेऊन उतरलो, तू सगळ्या वळणांवर माझा कोट घट्ट धरून "हळू रे गाढवा" म्हणत होतीस. तुला वॉर्डात सोडलं आणि दहाच्या बराझाला परत आलो. आणि त्याच दिवशीच्या यादीत तुझी सही.

म्कावासी म्हणाली, हॉस्पिटलचा कागद पहिल्या दिवसापासून तुझ्या वकिलाच्या फाइलमध्ये होता. तारीख, वेळ, शिक्का, सगळं. वकील नाचायलाच लागला होता. "बाई, हा एक कागद ठेवला की पहिल्या तारखेलाच खेळ खलास. सही बनावट, यादी बनावट, आदेश रद्द." आणि तू म्हणालीस, "हा कागद काढून घ्या." तो चिडला. म्हणाला, मग फक्त घटनेवर लढावं लागेल, ते लांब पडेल, आणि हरूही शकतो. तू म्हणालीस, "घटनेवरच लढायचंय. सही खोटी म्हणून जिंकलो तर सरकार पुढच्या वेळी खऱ्या सह्या गोळा करेल. पावावर."

म्कावासीला वाटतं की कारण तेवढंच होतं. मला वाटत नाही. तू अक्षर ओळखलंस.

ओळखणारच. तूच माझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होतीस. माझा ‘म’ तुझ्या ‘म’सारखा पोटात वाकतो, आणि म्हणूनच ती सही मला इतकी छान जमली. हो, ताई. एक्केचाळीस नंबर मी केला. बाकी दोनशे बारा लोकांनी पावासाठीच सह्या केल्या होत्या, ते खरंय. पान कोरं होतं, तेही खरंय. पण साहेब त्या संध्याकाळी म्हणाले, "मास्तरीणबाईंचं नाव नाही? अख्खी टेकडी त्यांच्या तोंडाने बोलते हे नैरोबीलाही माहीत आहे. त्यांच्याशिवाय ही यादी कोण खरी मानेल?" मला वाटलं, ती गावात असती तर पाव घ्यायला आलीच असती, पावावर तिचा जीव. म्हणजे सही झालीच असती. चाळीसनंतर एक ओळ चुकून रिकामी सुटली होती, मी भरली. बस, एवढाच विचार केला मी. पेन उचलून ठेवायला जितका वेळ लागतो तितका.

पट्टी बांधलेल्या डोळ्याने तू वॉर्डात पडली होतीस आणि मी इकडे तुझी टेकडी तुझ्याच नावाने देऊन टाकत होतो.

कोर्टात वकिलाने विचारलं, ही सही तुमची ना? तू "हो" म्हणाली असतीस तर टेकडी गेली असती. "नाही" म्हणाली असतीस तर मी तुरुंगात गेलो असतो. आणि तू विचारलंस, प्रश्न कुठे आहे? मी तिथे शेवटच्या बाकावर बसून मनात म्हणत होतो, वा, काय हुशार आहे माझी ताई! तू कोणाला वाचवत होतीस हे कळायला मला इतके दिवस लागले.

मला आभार मानता येत नाहीत. शब्द लहान पडतो. पण मानतो. झऱ्यासाठी मानतो, आणि या चोरासाठी.

रिघा


न्यावा,
रविवार, १४ जुलै

ताई,

आज सकाळी चर्चला गेलो नाही. मालेंबाला सगळं सांगितलं. ती बीन्स निवडत होती, त्या तिने बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "तुमच्या पोटात राग आहे."

मी म्हटलं, "राग? मी तिचे पाय धुवून पाणी प्यायला तयार आहे!"

"ते आहेच. पण रागही आहे. एकोणीस महिने मी तो रोज जेवायला वाढतेय. आधी कुतासा करा, मग आभार माना. राग पोटात ठेवून दिलेला आशीर्वाद लागत नाही."

तिने उसाचा रस काढून दिला. बाबा करायचे तसं मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. घोट घ्यायचा, राग नाव घेऊन बोलायचा, फुर्रकन थुंकून टाकायचा. बाबा गेल्यापासून मी हे केलं नव्हतं. चीफने अंगणात थुंकणं बरं दिसत नाही म्हणून.

तर तुझ्यावरचा माझा राग ऐक, कारण कुतासात लपवायचं नसतं. तू मला न विचारता वाचवलंस, याचा मला राग आहे. मी साठीला आलो तरी तू अजून माझा हात धरून गिरवतेस, याचा राग आहे. तू सगळं ओळखून एकोणीस महिने एक शब्द बोलली नाहीस. ये, चार शिव्या घाल, मुस्काटात मार, पण नाही. तू गाव सोडून लेकीकडे गेलीस आणि मला वाटत राहिलं की तू सरकारवर रागावली आहेस. त्याचा सगळ्यात जास्त राग आहे.

थुंकून टाकला. शेवटच्या घोटाला रडायला आलं आणि रस अर्धा कोटावर सांडला. मालेंबा म्हणाली, "कोटावर पडलं तरी चालतं, आत राहायला नको."

आता राहिला तुझा. तो तू कधी बोललीच नाहीस. माझ्या खात्यावरचा तुझा राग अख्ख्या देशाने ऐकला, माझ्यावरचा कोणीच ऐकला नाही.

उद्या संध्याकाळच्या मटाटूने मी खाली उतरतोय.

रिघा


व्होई,
मंगळवार, १६ जुलै

ताई,

हे कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय.

सकाळी उपआयुक्तांना फोन केला. म्हटलं, "साहेब, शपथपत्र करतोय." ते खूश झाले. म्हटलं, "तुमचं नाही. माझं." मग काय लिहितोय तेही सांगितलं. ते म्हणाले, "चीफ, सरकार तुम्हाला सोडणार नाही."

मी म्हणालो, "सोडू नये. मी गुन्हा केलाय. पण कायद्याने धरावं म्हणजे झालं."

मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "माझं नाव आहे का त्यात?" मी म्हटलं, "आहे." त्यांनी फोन ठेवला. मला त्यांची दया आली. त्यांच्याही वर कोणीतरी साहेब असेलच, आणि त्यांना बहीण नसेल.

शपथपत्र मी माझ्या हाताने लिहिलं. बराझात लोकांना काही विचारलं नव्हतं. पान कोरं होतं. वरचा मजकूर नंतर टाचला. एक्केचाळीस नंबरची सही माझी, अर्जदार त्या दिवशी हॉस्पिटलात होत्या आणि मला ते माहीत होतं. तुझ्या निकालाला याची गरज नाही, तो स्वतःच्या पायावर उभा आहे, आणि तसाच उभा राहावा म्हणून तू काय सोसलंस ते मला कळलंय. पण आता ते फेरविचार मागणार, माझी यादी पुन्हा हवेत नाचवणार. ती नाचवायला त्यांच्या हातात राहू नये.

शपथ द्यायला एक तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी वाचलं. मधेच थांबून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "बाबा, कोणी जबरदस्ती केली आहे का?"

"पूर्वी केली होती. आज नाही."

"यावर सही केलीत की तुमच्यावर खटला होईल. नोकरी जाईल. समजतंय ना?"

"समजतंय."

त्यांनी पेन उचललं. "पहिल्या अर्जदाराला तुम्ही ओळखता? काही नातं?"

दोन वर्षं होत आली, ताई, कोणी विचारलं की मी सांगायचो, ती एक मास्तरीण आहे, गावात असायची. ऑफिसात, बाजारात, चर्चच्या दारात, सगळीकडे तेच.

"सख्खी बहीण," मी म्हणालो. "मोठी."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. ‘र’ जरा वाकडा आला, पण माझा आहे.

म्कावासी म्हणाली, तू घरी आहेस, आणि आज सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसली आहेस, ऊन खायला म्हणे. मी चालत येतोय. दारातच उभा राहीन, आत बोलावू नकोस. तुझा राग बोल, सगळा बोल, नाव घेऊन बोल. मी ऐकून घ्यायला आलोय.

तुझा धाकटा भाऊ,
रिघा